धुडकूआप्पाचं उंच चाक

धुडकूआप्पाची उंची पाच फूट एक इंच. त्यातला शेवटचा इंच सांगायला तो कधी विसरायचा नाही. पारोळा तालुक्यातल्या आपल्या गावाहून विसाव्या वर्षी तो सुरतेला आला, तेव्हा यंत्रमागाच्या खात्यातल्या मुकादमाने त्याला एका नजरेत मोजलं आणि म्हणाला, मागाला उंची लागत नाही, हात लागतात. हात त्याला देवाने भरभरून दिले होते. चोवीस वर्षं तो उधन्याच्या एकाच खात्यात आठ माग एकटा सांभाळत आला होता. ताण्यातला एक दोरा तुटला, की डोळ्यांना कळायच्या आधी त्याचा हात माग बंद करायच्या दांड्यावर पोचलेला असायचा. शेठ नव्या कारागिरांना त्याच्यासमोर उभं करायचा आणि सांगायचा, थांबणं शिकायचं तर याच्याकडून शिका. या थांबण्यानेच पुढे त्याला तोंडघशी पाडलं, पण ते येईलच ओघात.

उंचीचं त्याला एरवी काही वाटायचं नाही. एका बाबतीत मात्र जीव खट्टू व्हायचा. श्रावणात डिंडोलीतली, म्हणजे सुरतेतल्या त्याच्या वस्तीतली, खानदेशी मंडळी आपली देवी कानबाई बसवतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत तिला पाण्यावर नेतात. आप्पाची बायको वत्सला त्याच्यापेक्षा दोन बोटं उंच आणि चालायला ताठ, त्यामुळे कानबाईचा पाट तिच्या डोक्यावर द्यायची गल्लीची रीत पडून गेली होती. ती सगळ्यांत पुढे. पुढे सगळ्या बायका, म्हणून आप्पा मागे, नाचणाऱ्या पुरुषांत. बारा वर्षं झाली, पण बायकोच्या डोक्यावरची कानबाई त्याने एकदाही धड पाहिली नव्हती. पाहिले होते ते घामाने भिजलेले सदरे. घरी आल्यावर वत्सला विचारायची, कशी दिसत होती. तो म्हणायचा, झकास.

आता ओट्याचं सांगितलं पाहिजे, कारण या घरातलं खरं भांडण तेच. चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात खाडीचं पाणी गल्लीत शिरलं आणि आप्पाच्या घरातला गव्हाचा डबा तरंगत शेजाऱ्यांकडे गेला. आप्पाने मनात गाठ मारली आणि दिवाळी व्हायच्या आत घरासमोर चांगला तीन फूट उंच ओटा बांधला. चार पायऱ्या, त्याही जिन्यासारख्या खड्या. त्यानंतर खाडीचं पाणी काही आलं नाही. वत्सलाचे गुडघे मात्र गेले. पाण्याची कळशी, भाजीची पिशवी, धुण्याची बादली, जे असेल ते घेऊन दिवसातून वीस वेळा ती त्या पायऱ्या चढायची आणि प्रत्येक पायरीला नवऱ्याचं नाव घ्यायची. ते नाव उखाण्यातलं नव्हतं. गल्लीतली पोरं त्या ओट्याला फलाट म्हणायची. शेवटी सत्त्याण्णवच्या दिवाळीत आप्पाने माघार घेतली. रघुनाथ गवंड्याला सांगून ठेवलं, की संक्रांत झाली की येणाऱ्या रविवारी ये आणि ओटा निम्मा उतरव.

त्याच हिवाळ्यात ती सायकल आली.

वाल्मिक हा आप्पाच्या गावचाच. डिंडोलीच्या नाक्यावर त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं आणि जुन्या सायकली विकत घेऊन तो त्या नव्यासारख्या करून विकायचा. डिसेंबरच्या सुरुवातीला त्याला नानपुऱ्यातल्या एका पारशी बंगल्यातून बोलावणं आलं. तिथली बानूमाय, ऐंशीच्या घरातली बाई, बंगला सोडून नवसारीला लेकीकडे राहायला चालली होती आणि सामान काढत होती. आप्पाला सुट्टी होती, म्हणून वाल्मिकने त्याला सोबत घेतलं. दोन साध्या सायकली मागच्या पडवीत होत्या, त्या वाल्मिकने घेतल्या. पाणी प्यायला म्हणून दोघं आत गेले आणि जिन्याखाली आप्पा थबकला.

तिथे एक चाक उभं होतं. चांगलं चार फुटी, काडीसारख्या बारीक तारांचं. त्याच्यामागे कणा वाकून खाली आला होता आणि त्याच्या टोकाला ताटाएवढं दुसरं चाक. साखळी नाही. ब्रेक होता म्हणे कधीकाळी, आता नाही. पायडल थेट मोठ्या चाकाच्या आसाला, आणि बसायची गादी त्या चाकाच्या डोक्यावर. आप्पाने चाकाला बोट लावून हलकेच ढकललं. शंभर वर्षांचं ते चाक आवाज न करता फिरलं आणि फिरतच राहिलं. चोवीस वर्षं आठ मागांच्या खडखडाटात उभ्या राहिलेल्या माणसाला एवढं मोठं काही इतक्या मुकाट्याने फिरताना बघून काय वाटलं असेल, ते मी काय सांगू. तो पाणी प्यायचं विसरला.

बानूमाय हसली. ही तिच्या बपावाजींची, म्हणजे आजोबांची. त्यांनी ती विलायतेहून मागवली होती. मुंबईहून आलेल्या आगगाडीतून उतरवून ते स्टेशनातच तिच्यावर बसले आणि रस्त्यात एकदाही पाय न टेकवता बंगल्याच्या फाटकातून आत आले, अशी घरातली आख्यायिका होती. त्यांच्यानंतर कुणालाच ती चालवता आली नाही. हिची गोम अशी, की गादी खालीवर करता येत नाही. चाकाचं माप बसणाऱ्याच्या पायाच्या मापाचं असावं लागतं, आणि बपावाजी होते बुटके. बाकीचं सगळं घराणं उंच. जो बसेल त्याचे गुडघे दांड्यावर आपटायचे आणि तो शिव्या देत खाली यायचा.

सांगता सांगता बानूमाय थांबली आणि तिने धुडकूआप्पाकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग तिने त्याला चाकाशेजारी उभं राहायला लावलं. वाल्मिकने चाक धरलं, आप्पा वर चढून बसला, आणि त्याचा पाय खालच्या पायडलवर असा टेकला, जणू मोच्याने माप घेऊन जोडा शिवला होता. जन्मात पहिल्यांदा कुठलीतरी वस्तू त्याला लहान करून घ्यावी लागली नाही.

त्याच क्षणी ती त्याला हवीशी झाली, आणि हवीशी म्हणजे पोराला पतंग हवा असतो तशी. पण मुंबईचा एक व्यापारी ती हॉटेलच्या भिंतीवर टांगायला न्यायला तयार होता. बानूमायने विचार करून सांगितलं, की पंधरा जानेवारीला मी चाव्या देऊन निघणार. त्या दिवसापर्यंत सायकल या अंगणात राहील, येऊन शीक. त्या दिवशी फाटकातून चालवत निघ आणि आपल्या दारापर्यंत जा, मधे पाय टेकवायचा नाही, मग ती तुझी. पाय टेकला तर ती व्यापाऱ्याची. वाल्मिकने मध्येच सुचवून पाहिलं, की आपण ती गाडीत घालून नेऊ, तिकडे मैदानात शिकता येईल. म्हातारीने मान हलवली. “टेम्पोमां नाखीने नथी लई जवानी,” ती म्हणाली. “चालत आली होती, चालतच जाईल.”

आप्पाने मुकादमाकडून महिनाभराची रातपाळी मागून घेतली, म्हणजे सकाळ मोकळी. खात्यातून सुटला की थेट नानपुरा. वाल्मिकने टांग्याच्या चाकाचं भरीव रबर मिळवून मोठ्या चाकावर चढवलं, मोच्याकडून गादी शिवून आणली. मागच्या कण्यावर एक छोटी खुंटी होती. तिच्यावर डावा पाय ठेवायचा, उजव्याने दोन-तीन उड्या मारत सायकल पळवायची आणि वर झेपावून गादीवर बसायचं. हे आप्पाला चौथ्या दिवशी जमलं. पाचव्या दिवशी त्याने चिकूच्या दोन झाडांना एक पूर्ण फेरी घातली. सहाव्या दिवशी तो पडला, तो असा पडला, की बानूमायच्या कण्हेरीचं एक रोप कायमचं गेलं.

त्याचं असं झालं. सुरतेत डिसेंबर लागला, की पोरं गच्चीवर चढतात आणि आकाशात दोराच दोरा होतो. कुठला तरी पतंग कापला गेला, त्याचा दोरा हेलकावे खात अंगणात उतरला आणि आप्पाच्या नाकासमोरून गेला. आप्पाने काही ठरवलं नाही. तुटलेला दोरा दिसला आणि त्याचं सगळं अंग थांबलं. साध्या सायकलीवर पाय थांबले तरी चाक पुढे जातं. हिच्यावर पाय म्हणजेच चाक. पाय थांबले, चाक थांबलं, आणि आप्पा मात्र दांड्यावरून पुढे निघून गेला.

वाल्मिक आधी पोट धरून हसला. मग त्याने आप्पाला कण्हेरीतून ओढून काढलं आणि कोपराची माती झटकली.

“आप्पा, तुम्ही पडला नाहीत,” तो म्हणाला. “तुम्ही माग बंद केला.”

 पडणं माणूस विसरू शकतो, पण चोवीस वर्षांत अंगात मुरलेलं थांबणं कुठून काढायचं? आणि निघायचा दिवस होता पंधरा जानेवारी, म्हणजे वासी उत्तरायण, संक्रांतीचा दुसरा दिवस, जेव्हा सुरतेच्या आभाळात पाखरालाही जागा नसते. जमिनीवरून चालणाऱ्याला दोऱ्यांचं काही नाही. पण आप्पा असणार वर, दोऱ्यांच्या गल्लीत.

वाल्मिकने इलाज काढला. चिकूच्या दोन झाडांमध्ये त्याने वर बसलेल्या आप्पाच्या छातीच्या उंचीवर साधे कुजके दोरे बांधले, आठ-दहा, आणि आप्पाला हुकूम दिला, की छातीने तोडत जायचं, पाय थांबता कामा नये. पहिले तीन दिवस आप्पा दर दोऱ्याला पडला. वाल्मिक दर वेळी तेच ओरडायचा, तुटू द्या, चालू द्या. बानूमाय पडवीत आरामखुर्ची टाकून बसायची आणि चहाचा कप हातात धरून मोजत राहायची. हळूहळू पडणं कमी झालं. नाताळपर्यंत आप्पा दहाच्या दहा दोरे तोडून पलीकडे जायला लागला. आणि एकदा जमल्यावर मात्र त्याला जे सुख मिळालं, त्याला तोड नव्हती. कुंपणाच्या भिंतीपलीकडे त्याला शेजारच्या बंगल्याची बाग दिसायची, रस्त्याने जाणाऱ्यांचे भांग दिसायचे, फाटकाच्या कमानीवर कबुतराने घातलेली दोन अंडी दिसायची. आवाज फक्त वाऱ्याचा. बुटक्या माणसाला जग असंही असतं हे चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि तो एकटाच हसत गोल गोल फिरत राहिला.

या शिकवणीची फी खात्यात भरावी लागली. एका रात्री सहाव्या मागावर दोरा तुटला आणि आप्पाचा हात हललाच नाही. हातभर कापडात एक रेघ पडेपर्यंत तो शांतपणे बघत उभा होता. चोवीस वर्षांतली पहिली रेघ. सकाळी शेठने ती रेघ बघितली, मग आप्पाचं तोंड बघितलं आणि तब्येत बरी आहे ना, म्हणून विचारलं.

शेठला कळलं नाही ते वत्सलाला कळलं. खरचटलेली कोपरं, सुजलेला अंगठा आणि दिवसाची बुडालेली झोप किती दिवस लपणार? तिने वाल्मिकला ओट्याखाली उभं करून सगळं काढून घेतलं. मग त्या संध्याकाळी नवऱ्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, “हातपाय मोडी लेशात, तव्हय आठे कोण शे आपलं?” हातपाय मोडून घेतलेत तर इथे आपलं कोण आहे. यात रागापेक्षा भीती जास्त होती आणि ती खरी होती. गावाकडे निदान भाऊबंद असतात, इथे सगळ्यांची चूल हातावर चालते.  आप्पा म्हणाला, वरून छान दिसतं गं. हे काही उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून वत्सलाने त्याच्याशी अबोला धरला. सोळा वर्षांच्या जयश्रीमार्फत दळणवळण चालायचं. जयश्री आईचं अहिराणी ऐकून बापाला गुजरातीत सांगायची आणि त्यातला निम्मा तिखटपणा वाटेत सांडायचा.

पंधरा तारखेला सकाळी आप्पा अंघोळ करून निघाला, तेव्हा खुंटीवर त्याचा मफलर नव्हता. तो ओट्यावर, पायरीच्या तोंडाशी ठेवलेला होता. उचलला तर जड लागला. आतल्या बाजूने वत्सलाने जुन्या लुगड्याचा चौपदरी पट्टा शिवला होता, बारीक टाके घालून, गळ्याला गुंडाळला की मांजा आत शिरणार नाही असा. ती आत चुलीशी पाठ करून बसली होती. आप्पा दारात घुटमळला. मग मफलर खांद्यावर टाकून निघाला.

बंगल्याच्या फाटकात बानूमाय पांढरीशुभ्र साडी नेसून उभी होती. तिचं सामान गाडीत लागलं होतं. व्यापाऱ्याचा माणूसही आला होता आणि सायकलीभोवती गुंडाळायला गोणपाट घेऊन आला होता. वाल्मिकला तिने अग्यारीच्या, म्हणजे पारश्यांच्या देवळाच्या, दिशेला हात करून खरं सांगायची शपथ घातली, कारण साक्षीदार तोच, आपल्या सायकलीवरून मागोमाग येणार. आप्पाने मफलर करकचून बांधला, मोठ्या चाकाला हात लावून नमस्कार केला, खुंटीवर पाय ठेवला आणि तीन उड्यांत वर गेला. फाटकाच्या कमानीखालून जाताना त्याने मान वाकवली. आयुष्यात प्रथमच त्याला कशाखाली तरी मान वाकवावी लागली, आणि बानूमाय टाळ्या वाजवत राहिली तो वळेपर्यंत.

रस्ते मोकळे होते, सगळी सुरत गच्चीवर होती. चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर शहराने कात टाकली होती. रस्ते रुंद झाले होते आणि गुळगुळीतही. मजुरागेटपर्यंत आप्पा लोण्यावरून गेल्यासारखा गेला. गच्च्यांवरची माणसं फिरक्या सोडून कठड्याशी धावली. कुणी शिट्टी मारली, कुणी वरून तिळाची चिक्की फेकली, ती वाल्मिकने झेलली. एका उंच जोत्याच्या घराच्या गॅलरीत म्हातारे काका उंधियुं खात बसले होते. आप्पाची आणि त्यांची नजरानजर झाली, तेव्हा त्यांनी वाटी पुढे केली, घ्या म्हणून. हातात वाटी घेणं शक्य नव्हतं, पण आप्पाने मान लववून आभार मानले. एवढ्या मोठ्या शहरात चोवीस वर्षांत त्याला कुणी असं जेवायला विचारलं नव्हतं.

मजुरागेट ओलांडल्यावर वाल्मिकने सायकल शेजारी आणली. त्याचा चेहरा उतरला होता.

“आप्पा,” तो म्हणाला, “उतरणार कुठे?”

 बंगल्याच्या अंगणात उतरायचं झालं, की आप्पा चिकूच्या आडव्या फांदीला लोंबकळायचा आणि वाल्मिक सायकल धरायचा. मागच्या खुंटीवर पाय ठेवून उतरायची पद्धत त्याने दोनदा करून पाहिली होती आणि दोन्ही वेळा पाठीवर पडला होता. फांदी आहे म्हणून पुन्हा शिकायचं राहून गेलं. महिनाभर दोघांनी चढण्याचा, चालवण्याचा आणि दोरे तोडण्याचा विचार केला, उतरण्याचा केलाच नाही. आणि डिंडोलीच्या त्या गल्लीत चिकू तर सोडाच, तुळस सोडून दुसरं झाड नव्हतं. आता थांबावं तर पाय टेकणार. पाय टेकला की गोणपाटवाला वाट बघतच होता. मग आप्पाने एवढंच ठरवलं, की पायडल मारत राहायचं.

उधन्याच्या पुढे रेल्वेचं फाटक आडवं आलं, तेही बंद. मालगाडी येत होती. आप्पाने वीस हातांवरून ओरडून जागा मागितली. फाटकापुढे उभ्या रिक्षावाल्यांना आणि हातगाडीवाल्यांना आधी काही समजेना, मग वाल्मिकने पुढे होऊन हात जोडले आणि सगळे बाजूला सरले. मधल्या मोकळ्या जागेत आप्पा गोल फिरायला लागला. मालगाडी हजीऱ्याच्या कारखान्याचं पोलाद घेऊन निघाली असावी, संपता संपेना. लोक डबे मोजायचे सोडून आप्पाच्या फेऱ्या मोजायला लागले. एक पोंक, म्हणजे हुरडा, विकणारी बाई म्हणाली, हा माणूस नवस फेडतोय, याला त्रास देऊ नका. तेराव्या फेरीला फाटक उघडलं, आणि ज्यांना घाई होती त्यांनीही आप्पाला पहिलं जाऊ दिलं.

डिंडोलीच्या अलीकडे दोरा आला. हा कुजका नव्हता. काच लावलेला पक्का सुरती मांजा, उन्हात गुलाबी चमकणारा, रस्त्याच्या या बाजूच्या खांबापासून त्या बाजूच्या खांबापर्यंत ताणलेला, बरोब्बर आप्पाच्या गळ्याच्या उंचीवर. आप्पाला तो दिसला तेव्हा टाळायला वेळ नव्हता. त्याचा उजवा हात दांड्यावरून सुटून कमरेजवळ गेला, जिथे खात्यात माग बंद करायचा दांडा असतो. पाय अडखळले. चाक डगमगलं. मागून वाल्मिक जीव तोडून ओरडला, पण आप्पाला ऐकू आलं ते स्वतःचंच, तुटू दे, चालू दे. त्याने हनुवटी छातीला लावली, डोळे मिटले आणि पायाला थांबू दिलं नाही. मांजा मफलरवर करकरत सरकला. वरचा पदर गेला, दुसरा गेला. तिसऱ्या पदरावर दोरा ताडकन तुटला. आप्पाने डोळे उघडले तेव्हा तो अजून वरच होता आणि चाक फिरत होतं. मफलरच्या फाटक्या तोंडातून वत्सलाच्या जुन्या लुगड्याचा हिरवा काठ बाहेर आला होता. आप्पाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्याने ते वाहू दिलं.

गल्लीत बातमी आधीच पोचली होती. दोन्ही बाजूंना माणसं, गच्च्यांवर माणसं, कुठल्याशा घरातून भरताच्या वांग्यांचा खरपूस वास. आप्पा गल्लीत वळला आणि त्याच्या लक्षात आलं, की पुढे रस्ता संपतो. गल्लीच्या टोकाला भिंत. फाटकापुढे फिरलो तसं फिरायला इथे जागा नाही. पाय थकून लाकूड झाले होते. घर आलं होतं आणि घरी उतरता येत नव्हतं. दारासमोर पोचून तिथे पडलो तर ते पाय टेकवणंच, वाल्मिक खोटं बोलणार नाही, आणि बोलावं असं आप्पालाही वाटत नव्हतं.

वत्सला ओट्यावर उभी होती. पदर खोचलेला, हाताला वांग्याची राख. तिने त्याचे पाय पाहिले, चाक पाहिलं, आणि एकदा खाली आपल्या पायाखालच्या त्या तीन फूट उंच शत्रूकडे पाहिलं.

“ओ जयश्रीना बाप,” ती म्हणाली, इतक्या दिवसांच्या अबोल्यानंतर पहिल्यांदा, थेट त्याला. “आठे या. ओटाले लावा.”

आप्पाने दांडा वळवला. चाक ओट्याच्या कडेला घासत हळू झालं, वत्सलाने एका हाताने दांडा धरला आणि दुसरा हात त्याला दिला. आप्पाने नुसता उजवा पाय बाजूला काढला आणि ओट्यावर ठेवला, शेजारच्या खोलीत जावं इतक्या सहज. मग दुसरा. तो आपल्या दारात उभा होता आणि रस्त्याला त्याचा पाय लागला नव्हता.  मग जयश्रीने “पप्पा, तमे तो केटला ऊंचा लागता हता”, केवढे उंच दिसत होतात, म्हणून त्याच्या गळ्यात हात टाकले आणि सगळी गल्ली एकदम बोलायला लागली. त्या दिवशी आप्पाच्या घरच्या भरतावर चाळीस माणसं जेवली. वाल्मिक मात्र आधी साक्ष द्यायला नानपुऱ्याला गेला. बानूमाय गाडीत बसून त्याचीच वाट बघत होती. तिने एकच विचारलं, उतरला कसा. ओट्याचं ऐकून ती इतकी हसली, की ड्रायव्हरला गाडी सुरू करायला थांबावं लागलं.

रविवारी ठरल्याप्रमाणे रघुनाथ गवंडी घण आणि छिन्नी घेऊन हजर झाला. सायकल ओट्याला टेकून उभी होती. आप्पा ती उचलून बाजूला घ्यायला उठला. शब्द दिला होता आणि बायकोचे गुडघेही खरे होते. वत्सला चहा घेऊन बाहेर आली, तिने रघुनाथच्या हातात कप दिला आणि घण त्याच्या हातातून काढून भिंतीशी ठेवला.

तिने त्याला सांगितलं, की तोडायचं काही नाही. या चार खड्या पायऱ्यांच्या जागी सहा बुटक्या कर, माझ्या पायाला सोसतील अशा, आणि बाजूला धरायला एक दांडा लाव. ओटा आहे तेवढाच राहू दे. रघुनाथने विचारलं, की एवढ्या उंच ओट्याचं करायचं काय, पाणी तर आता येत नाही.

“श्रावणात कानबाई माझ्या डोक्यावर असते,” वत्सला म्हणाली. “दर वर्षी झकास म्हणतात, पण यांनी ती अजून पाहिलेली नाही. या वर्षी हे सायकलीवरून बघतील. बघून झालं की उतरायला घर नको?”